दुसरी किल्ली

माझ्या बुलेटवर माझ्याशिवाय आणखी कुणीतरी बसतं, हे मला कळलं ते आरशामुळे.

मी उंचीला बेताची आहे. त्यामुळे माझ्या गाडीचे आरसे चांगले खाली झुकवलेले असतात आणि त्यांना कुणी हात लावलेला मला खपत नाही. डिसेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशीच्या राइडसाठी गाडी पुसायला पोर्चमध्ये आले. सहज सीटवर बसले, तर डाव्या आरशात मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी रस्त्यापलीकडच्या बुद्धविहाराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी! म्हणजे माझ्यापेक्षा वीतभर उंच माणसाने आरसा स्वतःसाठी लावून घेतला होता. गाडी मागे ढकलायला गेले, तर हलेना. ती पहिल्या गिअरमध्ये होती. मी गाडी न्यूट्रलला लावते. घेतल्या दिवसापासून न्यूट्रललाच लावते.

"योगेंद्र," मी आत ओरडले, "माझ्या गाडीला कोणी हात लावला?"

"मीच. पुसली जरा," आतून उत्तर आलं. जरा जास्तच लवकर आलं.

योगेंद्र माझा नवरा. बळीराम पेठेकडे त्याचं चष्म्याचं दुकान आहे. तो दुकानात जातो बिनगिअरच्या स्कूटीवर, कारण मोटरसायकल त्याला येत नाही. माझ्याबरोबर कुठे जायचं असलं की तो माझ्या मागे बसतो, मांडीवर पिशवी घेऊन. लोक बघतात. बघू देत, मला त्याचं काही वाटत नाही. तर, पुसताना आरसा हलतो हे मी मान्य करते. पण पुसताना गाडी गिअरमध्ये पडत नाही.

मी नोकरीला धुळ्याला आहे, एका सरकारी कार्यालयात. सोमवार ते शुक्रवार सकाळची एसटी, संध्याकाळी परत, आमच्याकडच्या भाषेत अपडाउन. गाडी तेवढे दिवस घरी उभी असते आणि तिची किल्ली माझ्या पर्समध्ये माझ्याबरोबर धुळ्याला जाते. मग गाडी चालू कशाने होणार? दुसऱ्या किल्लीने. आणि दुसरी किल्ली होती जीनतकडे.

हा आमच्या गाडीवाल्या बायकांच्या ग्रुपचा नियम आहे. मनुदेवीच्या राइडला ज्योतीची किल्ली ओढ्यात पडली आणि आम्ही सगळ्याजणी अर्धा दिवस उन्हात करपलो, तेव्हापासून प्रत्येकीची दुसरी किल्ली दुसरीजवळ असते. राइड संपली तरी परत मागायची नाही. ज्योतीची अक्कांकडे, अक्कांची ज्योतीकडे, जीनतची माझ्याकडे आणि माझी जीनतकडे. यात विश्वासबिश्वास असा कधी शब्द आला नाही. बायका एकमेकींकडे डबे ठेवतात, तशा आम्ही किल्ल्या ठेवल्या होत्या.

जीनतचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. आधी तिच्या अब्बांचं होतं, आता ती आणि तिचा भाऊ अमीन चालवतात. नवरा उमर सौदीत असतो, वर्षातून एकदा येतो. उंच, सडपातळ, कमी बोलणारी बाई. माझे पाय जमिनीला टेकावेत म्हणून माझ्या सीटचा फोम तिनेच कापून बसका केलेला. आणि ती गाडी लावते पहिल्या गिअरमध्ये. अब्बांच्या ट्रकची सवय म्हणते.

उंच. पहिला गिअर. दुसरी किल्ली. त्या रात्री मी हे तिन्ही शब्द घोळवत पडून राहिले. पण जीनतकडे स्वतःची गाडी असताना ती माझी कशाला नेईल? आणि न्यायचीच तर मला सांगून का नाही? आणि नवऱ्याने "मीच पुसली" का म्हणावं?

सकाळी योगेंद्र आंघोळीहून आला तेव्हा या सगळ्याचं उत्तर मला त्याच्या पायावर दिसलं. उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला बोटभर लांब भाजल्याची खूण, नुकती खपली धरलेली.

"हे काय?"

"इस्त्री लागली."

इस्त्री पोटरीला कशी लागते, हे मी विचारलं नाही. कारण ती खूण मी ओळखते. गाडीवर फिरणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. सायलेन्सरचा चटका उजव्या पोटरीलाच बसतो आणि तो बहुतेक वेळा मागे बसणाऱ्याला बसतो, उतरताना. योगेंद्र माझ्या मागे इतकी वर्षं बसतोय, त्याला कधी चटका लागला नाही, कारण मी आधी ओरडते, "पाय सांभाळ." म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या तरी मागे बसला होता. माझ्याच गाडीवर. आणि तो उतरताना ती बाई ओरडली नव्हती.

माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला. तरी हेल्मेट घातलं आणि निघाले, कारण अजिंठा चौफुलीवर सगळ्या वाट बघत होत्या.

त्या रविवारी आमचं ठरलं होतं धुळ्याकडे जायचं, वाटेत एका ढाब्यावर भरीत खायचं आणि लळिंगच्या किल्ल्याखाली फोटो काढून परत. नेहमीप्रमाणे मी पुढे. मध्ये ज्योती आणि जामनेरहून नव्याने आलेली सपना. जीनत शेवटी, कारण शेपटाला पक्की बाई लागते. पुढच्या पोरी दमल्या, कुणाची चेन वाजली, कुणी मागे राहिलं, तर ते शेवटचीने बघायचं असतं. चोपड्याच्या द्रौपदाअक्का अमळनेरवरून येऊन पारोळ्याला मिळणार होत्या. अक्का साठीच्या पुढे आहेत, केळीची बाग आहे आणि नवरा गेल्यापासून त्याची बुलेट त्याच चालवतात.

त्या दिवशी मी रस्ता कमी आणि आरसा जास्त बघितला. आरशात सगळ्यांच्या मागे जीनतचं काळं हेल्मेट. एरंडोलपर्यंत ती एकदा थांबली, फोन घेतला, बोलली, परत निघाली. गाडी चालवताना ती कधी फोन घेत नाही. उमरचा फोन तर शुक्रवारी येतो. मग हा कोणाचा? तेवढ्यात समोर कापसाचा ट्रॅक्टर आला, दोन्ही बाजूंनी फुगून रस्ताभर झालेला, आणि मी कशीबशी कडेच्या मातीत उतरले. मागून हॉर्नवर हॉर्न.

पारोळ्याच्या चौकात अक्कांनी आधी मला झापलं. त्यांना ज्योतीने सांगितलं होतं.

"नूतन, आज तुनं ध्यान कोठे शे वो? टॅक्टरखाले गयी असती."

"काही नाही अक्का, झोप झाली नाही."

"झोप नही व्हयनी ते घर ऱ्हावानं."

जीनत माझ्याजवळ आली, माझ्या गाडीचं चाक बघितलं, ब्रेक दाबून बघितला आणि म्हणाली, "आज मी पुढे होऊ का? तू मागे ये निवांत." एरवी मला हे प्रेमाने म्हटल्यासारखं वाटलं असतं. त्या दिवशी वाटलं, हिला आता माझी जागाही पाहिजे. मी नाही म्हणाले.

ढाब्यावर भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, मस्त बेत होता. सपना नवी होती, म्हणून ज्योतीने फर्माईश केली, "नूतनताई, योगेंद्रभाऊंची बिबड्यांची गोष्ट सांगा ना!"

ही गोष्ट मी फार चांगली सांगते. दोन उन्हाळ्यांपूर्वी मी योगेंद्रला गाडी शिकवायला काढलं. आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर. मी म्हणतेय क्लच हळू सोड, हळू सोड, आणि याने एकदम सोडला. गाडी उधळली ती थेट शेजारच्या काकूंच्या बाजेवर, जिच्यावर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घातलेल्या. बाज आडवी, योगेंद्र आडवा, अंगभर बिबड्या चिकटलेल्या. आणि तसाच उठून तो काकूंना म्हणाला, "सॉरी, वर्षभराच्या होत्या का?" हे मी उठून, हात पसरून, त्याच्यासारखा चेहरा करून दाखवते. कॉलनीतली पोरं त्याला अजून बिबडीकाका म्हणतात, हे शेवटी.

सपनाला ठसका लागेपर्यंत हसू आलं. ज्योती तर दरवेळी हसते. अक्कासुद्धा गालात हसल्या. जीनत हसली नाही. ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत खाली बघत राहिली. म्हणजे बघा! माझ्या नवऱ्याची चेष्टा केलेली हिला लागते. माझ्या मनात जी पाल चुकचुकत होती, ती आता भिंतीवर उघड येऊन बसली.

आणि मग बिल देऊन उठताना जीनत अगदी सहज म्हणाली, "योगेंद्रभाऊंचा पाय कसा आहे आता?"

मी हेल्मेटचा पट्टा लावत होते. हात तिथेच राहिला.

"त्याच्या पायाचं तुला कोणी सांगितलं?"

"तूच ना," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून, "नाही, मीच गेले होते दुकानात. अम्मीच्या चष्म्यासाठी. लंगडत होते जरा."

योगेंद्र लंगडत नव्हता. आणि जीनतच्या अम्मी पंधरा दिवस झाले भुसावळला बहिणीकडे होत्या. हे तिनेच मला सांगितलं होतं. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस असंच बोलतं, एकावर एक रचत जातं.

लळिंगला मी फोटोत हसले. त्या फोटोत जीनतचा हात माझ्या खांद्यावर आहे. अक्का निघताना माझ्या गाडीजवळ आल्या, म्हणाल्या, "मनमा काय शे ते ज्याले इचारानं त्याले इचारी ले. आख्खा रस्ता मांगे दखीसन कोनी गाडी चालाडस का?"

अक्कांचं म्हणणं बरोबर होतं. पण विचारलं तर उत्तर मिळतं आणि मला उत्तर नको होतं, मला पकडायचं होतं. विचारलेल्या माणसाला सावरायला वेळ मिळतो. मी इतका अपमान करून घेऊन वर त्यांना सावरायला वेळ देणार होते का? घरी जाऊन मी ताकास तूर लागू दिली नाही. योगेंद्रला दोन दिवस भाकरी वाढली, त्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी ऐकल्या. तो खुशीत होता. आंघोळ करताना शीळ घालत होता. लग्नाला वीस वर्षं होऊन गेलेला माणूस विनाकारण शीळ घालत नाही.

बुधवारी मी ऑफिसात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारच्या आतच धुळ्याहून एसटी पकडली. खोटं नव्हतं, डोकं खरंच दुखत होतं. खिडकीतून हायवे मागे जात होता. या रस्त्यावर मी जीनतबरोबर किती वेळा गेले असेन! पहिल्यांदा लांबच्या राइडला निघाले तेव्हा पारोळ्याच्या पुढे ट्रकची रांग बघून माझे हातपाय गळाले होते. तेव्हा ती माझ्या उजव्या बाजूने, ट्रक आणि माझ्या मधून चालली होती, धुळं येईपर्यंत. ते आठवून मला रडू यायला लागलं, म्हणून जास्तच राग आला.

घरी पोचले. पोर्च रिकामा. स्कूटी जागेवर, बुलेट नाही.

योगेंद्रला फोन लावला. "कुठे आहेस?"

"दुकानात," तो म्हणाला. दुकान दुपारी बंद असतं. फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता.

जीनतचा फोन वाजून वाजून बंद झाला. मी रिक्षा केली आणि तिच्या दुकानावर गेले. अमीन शिलाईच्या मशीनवर बसला होता.

"आपा? आपा तो गयी ना, पिंप्राला के आगे, वो नया लेआउट पडा है उधर. आपकीच गाडी पे..." एवढं बोलून त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग मशीन एकदम जोरात चालवायला लागला. म्हणजे यालाही माहीत होतं. गावाला माहीत असेल, आणि मी धुळ्याला फाइली चाळत बसलेली.

पिंप्राळ्याच्या पुढे नवीन प्लॉट पाडलेत. सिमेंटचे रस्ते झालेत, विजेचे खांब लागलेत, घर एकही नाही. चोरून भेटायला याहून चांगली जागा सापडली नसती. मी रिक्षा अलीकडेच सोडली. अर्धवट बांधलेल्या कंपाउंडच्या भिंतीमागून चालत गेले. काय बोलायचं ते सगळं तयार होतं. आधी जीनतला, मग त्याला. मुलीला पुण्याला फोन करून काय सांगायचं, तेही ठरलं होतं.

आधी आवाज आला. माझ्याच गाडीचा. इंजिन जोरात वर चढलं, मग गचका, मग बंद. परत सुरू, परत गचका. मी भिंतीवरून बघितलं.

योगेंद्र गाडीवर पुढे बसला होता. डोक्यावर जीनतचं काळं हेल्मेट. जीनत ओढणी कमरेला बांधून त्याच्या शेजारून चालत होती.

"आधी श्वास घ्या भाऊ. गाडी कुठे जात नाही. क्लच आता... बस, तेवढाच. धरून ठेवा. शाब्बास."

गाडी निघाली. जीनत दोन पावलं बरोबर पळाली, मग थांबली. योगेंद्र कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, दुसरा गिअर टाकला. तो पडल्याचा आवाज मला स्पष्ट आला, नीट पडला होता. माझ्या समोरून जाताना तो मोठ्याने हसला. हेल्मेटमधूनसुद्धा ऐकू आलं. त्याला असं हसताना मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

मी तिथल्या वाळूच्या ढिगावर बसले आणि एकटीच हसायला लागले. आरसा, गिअर, चटका, सगळं जिथल्या तिथे बसलं. शिकणाऱ्यालाही चटका बसतो, गाडी कलली की पाय टेकताना बसतो. मला बसला नव्हता का? इतका आनंद मला झाला की काय सांगू. माझा नवरा माझ्यासाठी गाडी शिकत होता! फेब्रुवारीत तोरणमाळची राइड आहे, नवऱ्यांना घेऊन. तिथे मला चकित करणार असणार हा. मी उठले आणि टाळ्या वाजवत भिंतीबाहेर आले.

"वा रे बहाद्दर!"

योगेंद्रने मला पाहिलं. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. त्याने दोन्ही पाय खाली टेकले.

"तू ऑफिसात नाहीस?"

"आणि तू दुकानात नाहीस!" मला हसू आवरत नव्हतं. "अरे मला सांगायचं तरी. मी काय काय समजून बसले होते!"

"काय समजलीस?" त्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

जीनतला कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली. भाऊ म्हणून हाक मारते ती त्याला.

"या अल्ला, नूतन," ती हळू म्हणाली. "माझ्याबद्दल?"

मी तिचा हात धरायला गेले. तिने ओढणीची गाठ सोडायच्या निमित्ताने हात काढून घेतला.

"तसं नाही गं. तुम्ही चोरून करत होता, मग माणसाला काय वाटणार?" मी म्हणाले आणि त्याच्याकडे वळले. "जाऊ दे ते. तोरणमाळला दाखवणार होतास ना मला? सरप्राइज?"

"नाही."

"मग? कधी सांगणार होतास?"

"नव्हतो सांगणार," योगेंद्र म्हणाला. त्याने हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. केस घामाने चिकटले होते, डिसेंबरात. "ज्या गाडीवर मागे बसतो, ती मला यायला पाहिजे होती. तोरणमाळला मी मागेच बसलो असतो, नेहमीसारखा."

"हे काय बोलणं झालं? येत असताना मागे कशाला बसशील?"

"कारण पुढे बसलो तर तू बघशील."

मी मला जे येतं तेच केलं. "बरं, चल, एक चक्कर मारून दाखव बघू. घाल हेल्मेट."

त्याने हेल्मेट घातलं. बटण दाबलं, इंजिन लागलं. पहिला गिअर. गचका, बंद. परत लावली. परत बंद. आत्ता पाच मिनिटांपूर्वी हाच माणूस दुसरा गिअर टाकून माझ्या समोरून गेला होता.

"अरे, क्लच! अर्धा सोड, अर्धा! किती वेळा सांगितलं..." माझ्या तोंडून गेलंच.

त्याने हँडलवरून दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. जीनत जमिनीकडे बघत होती, ढाब्यावर बघत होती तशीच.

"नूतन, तू घरी जा," योगेंद्र म्हणाला. आवाजात राग नव्हता. डोळे तपासून गिऱ्हाइकाला नंबर सांगतो, तसा साधा आवाज. "तू गेलीस की होईल."

"मी काही हसले का? मी एक शब्द तरी हसून बोलले का?"

"नाही. तरी जा."

मी पर्स खांद्याला लावली आणि निघाले. रिक्षा मी आधीच सोडून दिली होती, त्यामुळे मोठ्या रस्त्यापर्यंत चालतच जायचं होतं. संशय खोटा निघाला होता, नवरा माझाच होता, मैत्रिणीने काही वाईट केलं नव्हतं. घरी जाऊन चहा करून प्यावा, असं सगळं ठीक होतं. आणि मला इतकं वाईट वाटत होतं की पाय उचलत नव्हते.

भिंतीच्या टोकाला वळले आणि मागे इंजिन लागलं. मी थांबले. पहिला गिअर, मग जरा वेळाने दुसरा. मी श्वास धरून ऐकत राहिले. ती बंद पडली असती तर मला बरं वाटलं असतं. बंद पडली नाही. तिसराही पडला आणि आवाज लांब लांब जात राहिला.